जेंबे: आधी आवाज, मग ताल

अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमधली भजनं ऐकत वाढलेल्या कानाला जेंबे हा हाताने वाजवायचा ढोल तबल्यापेक्षा सोपा वाटतो: ना शाई, ना बोलांचं पाठांतर. घोटाळा तिथेच आहे. तबल्याच्या शाईमुळे पुडीचे उपस्वर सुरेल जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. जेंबेला शाई नाही, म्हणून आवाज निवडायचं काम हातावर येतं. मधोमध तळवा मारून लगेच उचलला की पोकळीतली हवा घुमते आणि खर्ज येतो. काठाजवळ बोटं जुळवून मारली की गोल टोन. तीच सैल सोडली की उपस्वर उसळून कडक ‘स्लॅप’.

जोर लावला की स्लॅप येतोच, असं काहींना वाटतं. जोराने आवाज वाढतो, जात बदलत नाही; बोटं सुजतात ती वेगळीच. लय आधी हवी, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण तिन्ही आवाज एकसारखेच निघत असतील तर ताल ऐकू येणार कसा? जेंबे जरा तिरका धरा, तळ फरशीवर टेकला की खर्ज गुदमरतो. आणि जुलैत मुलुंडला आवाज बसला तर हाताला दोष देऊ नका. दमट हवेत बकऱ्याचं कातडं सैल पडतं.