पोरगा पितो का हो?
तरुण मुलांच्या डोळ्यांखालच्या पिशव्यांविषयी

आमच्या वस्तीतील विहारात बौद्ध वधू-वर परिचय मेळावा होता. मुले-मुली एकेक करून पुढे येत होती, नाव, शिक्षण, नोकरी सांगून खाली बसत होती. त्यात आमच्याच गल्लीतला एक मुलगा होता. वय २६, बारावी पास, एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन. घरी आजी, आई आणि धाकटी बहीण. त्याच्या तोंडाला सुपारीसुद्धा कधी लागलेली नाही, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू. तो बोलून खाली बसला आणि शेजारी बसलेल्या एका मुलीच्या वडिलांनी आम्हांला कोपराने ढोसून हळूच विचारले, "पोरगा पितो का हो? डोळे बघा की त्याचे."

आम्ही बघितले. दोन्ही डोळ्यांखाली फुगीर पिशव्या लोंबत होत्या. रोज बघून आमच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती, नव्या माणसाला मात्र त्या आधी दिसल्या.

विचारणाऱ्या बापाला आम्ही दोष देत नाही. पाचवे शील घेऊनही दारूने आपल्या किती घरांची राखरांगोळी केली हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. मुलीचा बाप डोळ्यांत तेल घालूनच बघणार. आम्ही त्यांना समजावून सांगितले, त्यांनी मान हलवली, पण बोलणी पुढे सरकली नाहीत.

तेव्हापासून हा विषय मनात घोळत होता. डोळ्यांखालच्या पिशव्या म्हणजे पैसेवाल्या बायकांचे दुखणे, असे आम्हीही आजवर समजत होतो. म्हणून आपल्याच समाजातील एका डॉक्टर भगिनीकडे जाऊन बसलो आणि सगळे नीट विचारून घेतले. त्यातले जे आपल्या घरांना उपयोगी पडेल ते येथे देत आहोत.

काचेची बरणी गावी न्यायची तर आपण ती चिंध्यांत गुंडाळून ठेवतो. डोळाही असाच, हाडांच्या खोबणीत चरबीच्या गादीवर बसवलेला असतो. ही चरबी पुढे ढळू नये म्हणून पापणीच्या आत एक पातळ पडदा असतो. वय वाढले की पडदा सैल पडतो, चरबी पुढे सरकते आणि पिशवी दिसू लागते. पण काही घराण्यांत हा पडदा जन्मतःच सैल असतो, किंवा गालाचे हाड जरा मागे असते. अशा घरातल्या मुलांना विशीतच पिशव्या दिसतात. तो आजार नव्हे. बापाचे नाक येते, आईचे केस येतात, तशाच या पिशव्या येतात.

दुसरा प्रकार पाण्याचा. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, एक मिलिमीटरही जाड नसते. त्यामुळे अंगात जरा पाणी साचले की ते तिथे आधी दिसते. रात्रभर आडवे झोपल्यावर ते चेहऱ्याकडे येते आणि माणूस उठून चालू-फिरू लागला की उतरते.

या दोहोंतला फरक घरच्या आरशातही कळतो. सकाळी फुगलेले डोळे दुपारपर्यंत ओसरले तर ते पाणी. सकाळ-संध्याकाळ सारखेच राहिले आणि मान न हलवता डोळे वर केल्यावर फुगवटा अधिकच उठून दिसला, तर ती चरबी. नुसते हसतानाच पापणीखाली जाड वळी येत असेल तर तो स्नायू आहे, त्याचे काही करायचे नाही. काळी वर्तुळे हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

पाणी का साचते? पहिले कारण झोप. रात्रपाळीचा वॉचमन, हॉस्पिटलातला सफाई कामगार, रात्री उशिरापर्यंत मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा, यांनी सकाळी आठला घरी येऊन झोपायचे म्हटले तर दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, नळाला पाणी आलेले, शेजारी भांडण. सात तासांची झोप तीन तासांत उरकते. घरच्यांनी एवढे तरी करावे, की त्या वेळी खिडकीला जाड चादर लावावी आणि टीव्ही बंद ठेवावा. तीही घरच्या कमावत्या माणसाची सेवाच आहे.

अभ्यास करणाऱ्या मुलांचेही तेच. १४ एप्रिल जवळ आला की ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची याहून चांगली रीत आम्हांला माहीत नाही. पण एक दिवसाचा उपक्रम वेगळा आणि स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली वर्षभर पहाटे तीनपर्यंत जागणे वेगळे. बाबासाहेबांना त्या कष्टांची केवढी किंमत मोजावी लागली हेही मुलांना सांगायला हवे. पुढच्या आयुष्यात मधुमेह, पायांच्या वेदना, अधू झालेली दृष्टी, आणि पथ्यपाणी, औषधे सांभाळायला डॉक्टर असलेल्या माईसाहेब. आणि खरे बोलायचे तर पहाटे तीनपर्यंत जागणाऱ्या मुलांपैकी कितीजणांच्या हातात पुस्तक असते आणि कितीजणांच्या हातात मोबाइल, हे आई-बापांनी एकदा उठून पाहावे.

दुसरे कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावे. आपल्याकडे सकाळी खारी किंवा फरसाण, दुपारी लोणच्याबरोबर भाकरी, संध्याकाळी वडापाव, आणि रात्री सुकट नाहीतर बोंबलाची चटणी. सुकट सोडा असे आम्ही म्हणणार नाही, गरिबाच्या ताटातले ते चांगले प्रथिन आहे. दोनदा पाण्यातून काढावे, वरून मीठ घालू नये, आणि त्याच जेवणात पापड-लोणचे घेऊ नये. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरते, हा समज मात्र खोटा आहे.

तिसरे कारण धूळ आणि धूर. बांधकामावरचे, झाडूवाले, भंगारवाले, सुतारकाम करणारे, यांचे डोळे खाजतात. खाज सुटली की माणूस चोळतो, चोळले की पापणी सुजते. सोबत शिंका आणि नाकातून पाणी असेल तर ही ॲलर्जी समजावी. घरातली डास पळवणारी अगरबत्ती, केसांचा कलप, स्वस्तातले काजळ यांनीही ती होते. विहारात धूप-अगरबत्ती लावतो तिथे एक खिडकी उघडी असावी. ॲलर्जीच्या गोळ्या स्वस्त असतात आणि चांगल्या लागू पडतात, पण त्यांतल्या काही गोळ्यांनी गुंगी येते. गाडी चालवणाऱ्याने, पाळीवर जाणाऱ्याने डॉक्टरला आपले काम सांगूनच गोळी घ्यावी.

दारूनेही चेहरा सुजतो हे खरे. मुलीच्या बापाचा तर्क अगदीच हवेतला नव्हता. पण सुजलेल्या डोळ्यांच्या दहा कारणांपैकी ते एक आहे, आणि नुसते डोळे बघून ते ओळखता येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहीत आहोत तिच्याकडे वळतो.

वस्तीतील एका भगिनीचा पाच वर्षांचा मुलगा. सकाळी उठला की डोळे उघडायचे नाहीत इतक्या पापण्या सुजलेल्या, दुपारी जरा कमी. गाल भरलेले दिसत होते म्हणून शेजारणी म्हणाल्या, "पोरगं बाळसं धरतंय." मग पायांवर सूज आली, तेव्हा कोणीतरी नजर लागली म्हणून दंडाला काळा दोरा बांधला. ज्या घरातल्या म्हाताऱ्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या घरात काळा दोरा! आम्हांला राग आला, पण तो गिळला. ती माउली दिवसाला चार घरची धुणीभांडी करते. सरकारी दवाखान्याच्या रांगेत एक दिवस गेला म्हणजे एक दिवसाचा खाडा, आणि दोरा बांधणारा पैसे न घेता दारात येतो. आम्ही एवढेच विचारले, "लघवीला फेस येतो का?" ती म्हणाली, "येतो, साबणावानी."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. लघवीत पट्टी बुडवली आणि मिनिटभरात कळले. मुलाच्या मूत्रपिंडातून शरीरातले प्रथिन लघवीवाटे वाहून जात होते. प्रथिन गेले की रक्तातले पाणी बाहेर झिरपते आणि सगळ्यांत आधी पापण्यांत साचते. हा आजार लहान मुलांत, विशेषतः दोन ते सहा वर्षांच्या मुलांत आढळतो. बहुतेक मुलांना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी महिनाभरात उतार पडतो. तो पुन्हा पुन्हा उलटतो, म्हणून सूज गेली की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. मोठे होता होता बऱ्याच मुलांची त्यातून सुटका होते. हा मुलगा आता शाळेत जातो. आईने घरी लघवी तपासायच्या पट्ट्या ठेवल्या आहेत आणि वहीत रोजची नोंद करते. अक्षर वाकडे आहे, पण नोंद चुकत नाही.

तेव्हा लहान मूल असो की तरुण, सकाळची सूज रोज वाढत असेल, पायांवर उतरत असेल, लघवी फेसाळ, लाल किंवा कमी होत असेल, तर आधी लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यावा. अंगमेहनत करणारी तरुण मुले पाठ दुखते म्हणून रोज दुकानातून दुखण्याची गोळी घेतात. या गोळ्यांनी अंगात पाणी साचते आणि वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मुलींमध्ये चेहरा सुजलेला, वजन वाढते, थंडी सोसत नाही, पाळी बिघडली, असे असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी. एकच डोळा अचानक सुजून लाल झाला, दुखू लागला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओठ-जीभ सुजून श्वास अडकू लागला तर घटकाभरही थांबू नये.

आता मलमांविषयी. लग्न ठरलेल्या मुली आणि आजकाल मुलगेही दुकानातून नळ्या आणतात. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. आठ दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते. डोळ्याजवळ महिनोन्महिने लावल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदू होण्याचा धोका असतो. ज्या स्टेरॉइडने त्या लहान मुलाला बरे केले तेच, पण तिथे डॉक्टरची नजर होती. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. गोरेपणाच्या काही मलमांत पारा असतो. २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. असेच मलम वापरून एकाच घरातील बायकांची मूत्रपिंडे बिघडली होती. चेहरा सुधारायला गेले आणि आजार लागला तो चेहरा सुजवणाराच! काळेपणाची लाज बाळगणे आपण कधीच सोडून द्यायला हवे होते, हे आमचे मत वाचकांना ठाऊक आहे.

मग करावे काय? सूज पाण्याची असेल तर डोक्याखाली एक उशी जास्त घ्यावी, पालथे झोपू नये, सकाळी माठाच्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ फडका दहा मिनिटे डोळ्यांवर ठेवावा. काकडी, बटाटा, चहाची थंड पिशवी, सगळ्यांत गुण आहे तो गारव्याचा, म्हणून फडकाही तेच काम करतो. बर्फ थेट कातडीवर घासू नये, लिंबाचा रस आणि टूथपेस्ट तर मुळीच लावू नये.

चरबीची पिशवी मात्र कोणत्याही मलमाने जात नाही. महागड्या क्रीमने चार तास ताणल्यासारखे दिसते, इतकेच. ती काढायची तर शस्त्रक्रिया. तरुणांत पापणीच्या आतल्या बाजूने छेद देऊन चरबी काढतात किंवा सरकवतात, बाहेर व्रण दिसत नाही. आठ-पंधरा दिवस काळे-निळे राहते. डोळा कोरडा पडणे, पापणी खाली ओढली जाणे, क्वचित रक्तस्राव होऊन दृष्टीला धोका, हे सारे आधी विचारून घ्यावे. सुईने खळगा भरून घेण्याची पद्धतही आली आहे. तिचा परिणाम काही महिने ते वर्षभर टिकतो, आणि क्वचित ते द्रव्य रक्तवाहिनीत गेले तर डोळा जातो, म्हणून ब्युटी पार्लरमध्ये ती सुई कदापि टोचून घेऊ नये. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आयुष्मान भारत योजनेत बसत नाही, म्हणजे खर्च घरचा. ज्याला मनापासून त्रास होतो त्याने जरूर विचार करावा, त्यात पाप नाही. पण त्यासाठी व्याजाने पैसे काढू नयेत.

आमच्या वॉचमन मुलालाही आम्ही त्या डॉक्टर भगिनीकडे नेले. लघवी, रक्तदाब, थायरॉइड सगळे ठीक निघाले. मीठ कमी केले, त्याने खटपट करून दिवसपाळी मागून घेतली, आणि महिन्या-दीड महिन्यात सूज निम्मी उतरली. उरलेली निम्मी तशीच आहे. परवा त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा आजीने पत्र्याच्या पेटीतून गिरणीचे जुने ओळखपत्र काढून दाखवले. तिच्या नवऱ्याचे. फोटोतला तिशीतला माणूस थेट आमच्याकडे बघत होता, आणि डोळ्यांखाली त्याच दोन पिशव्या.

"माझ्या बापानं पण हेच इचारलं होतं," आजी म्हणाली, "का पितो म्हणून. मी म्हणलं, पिऊ दे नायतर काय करू दे, मला ह्योच पायजे. कधी थेंबाला शिवला न्हाई माणूस."