पुढचा ऐतिहासिक सिनेमा नागपूरकर भोसल्यांवर काढा!

'फर्जंद', 'पावनखिंड', 'छावा' पाहून झाले. आता पडद्यावर हवेत आपले रघूजीराजे! १७४०च्या दशकात त्यांच्या फौजा थेट बंगालवर चालून गेल्या. सेनापती भास्करराम कोल्हटकरांना बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने १७४४ साली बोलण्यांसाठी तंबूत बोलावलं आणि दगा करून मारलं. पटकथा आयतीच आहे की! शेवटी १७५१च्या तहात ओडिशा आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई पदरात पडली. (बंगालच्या खेड्यांनी मात्र यात लूटच सोसली, तीही दाखवा, नाहीतर नुसत्या घोषणा होतील.)

रघूजींची तलवार राज्य सरकारने २०२५मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळवली. पातं युरोपी, सरळ, एकधारी. त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव. क्लोजअप तिथेच घ्या. सीताबर्डीची १८१७ची इंग्रजांविरुद्धची लढाई दुसऱ्या भागाला ठेवा.