जोड धरतो तो रॉडच्या आकड्यावर नव्हे

घरी छोटी ट्रॉली बांधायला घेतली की पहिला सल्ला रॉडचा मिळतो: ‘६०१३ कच्चा, ७०१८ पक्का.’ हा सल्ला अर्धवट आहे. रॉडवरचे पहिले दोन आकडे वेल्डची किमान ताणशक्ती सांगतात. ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. ट्रॉलीला सर्रास लागणाऱ्या ई २५० प्रतीच्या साध्या लोखंडी चॅनेलची किमान ताणशक्ती ४१० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. नीट मारलेला ६०१३ त्या चॅनेलला पुरून उरतो. त्यामुळे कोणता रॉड जास्त ताकदीचा, यापेक्षा कोणत्या रॉडने आपल्या हातून धातू मुळापर्यंत एकजीव होतो, हे पाहायला हवे.

यावर आक्षेप येईल की मोठे कारखाने महत्त्वाच्या जोडांना ७०१८ वापरतात, ते उगाच का? उगाच नाही. त्याच्या आवरणातून वेल्डमध्ये हायड्रोजन फार कमी जातो, म्हणून जाड किंवा जखडलेल्या जोडाला तडे जाण्याचा धोका घटतो आणि जोड धक्के अधिक सोसतो. पण हा गुण रॉड कोरडा असेल तरच टिकतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला पुडा ओल धरतो. मग रॉड साधारण ३०० अंशांच्या वर भट्टीत तासभर तरी भाजावे लागतात, उन्हात वाळवून भागत नाही. शिवाय लहान एसी मशीनवर ७०१८ पेटता पेटत नाही. त्याला डीसी इन्व्हर्टर बरा. ज्याच्याकडे ही सोय नाही, त्याने ताजा, कोरडा ६०१३ निवडणेच शहाणपणाचे.

‘गावोगावच्या ट्रॉल्या ६०१३वरच धावतात, मग एवढी चर्चा कशाला?’ असेही कोणी म्हणेल. त्या धावतात, कारण लोखंड जाड असते. पण ट्रॉलीचा जोड एका झटक्यात क्वचितच तुटतो. खड्ड्यांतून बसणाऱ्या हजारो हादऱ्यांनी वेल्डच्या कडेला बारीक भेग पडते आणि ती वाढत जाते. कडेला लोखंड खाल्ले जाऊन खाच पडली की भेगेला वाट मिळते. अशा थकव्यापुढे महागड्या रॉडची जादा ताकद फारशी कामी येत नाही; खाच टाळणे आणि दांडीच्या फ्लँजवर आडवा वेल्ड न मारणे जास्त मोलाचे ठरते. म्हणून आधी गंज आणि रंग ग्राइंडरने उतरवावा, गुण्या लावून टाचे मारावेत आणि ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअरमध्ये आपल्या लोखंडाला जुळणारा करंट शोधावा. रॉडचे टोक त्याच्या जाडीइतकेच दूर ठेवावे, आणि दुसरा थर देण्याआधी स्लॅग पूर्ण झाडावा. उभ्या जोडात वरून खाली ओढलेला वेल्ड दिसतो गुळगुळीत, पण मुळात कमी उतरतो. भार पेलणारे जोड खालून वरच चढवावेत.

खात्री करून घ्यायची असेल तर ट्रॉलीच्याच जाडीचे दोन तुकडे ‘टी’ आकारात एकाच बाजूने जोडावेत आणि हातोड्याने वेल्डच्या बाजूला वाकवून तोडावेत. मुळाशी स्लॅगची काळी रेघ किंवा पट्टीची न वितळलेली सरळ धार दिसली, तर करंट, कोन किंवा वेग चुकला. सर्वत्र एकसारखा करडा धातू दिसेपर्यंत दांडी आणि हुकाला हात लावू नये. तिथवर पोचता येत नसेल तर ते जोड अनुभवी वेल्डरकडे द्यावेत. रस्त्यावर मागून येणाऱ्या माणसाचा जीव त्याच दोन जोडांवर असतो.