चीजशिवाय नाचोज? चक्क!

आमच्या मेसवर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी आहे, पण माझ्या रूममेटला तिचा काडीचा उपयोग नाही. दुधाचं काहीही पोटात गेलं की त्याची रात्र खराब! दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्याच्याकडे कमी आहे. रविवारच्या फीस्टला आम्ही पनीर आणि श्रीखंड हाणतो, तेव्हा हा पोळी-लोणचं खाऊन ‘मला भूक नाही रे’ म्हणतो.

त्याच्या वाढदिवसाला आम्ही कोरेगाव पार्कच्या एका हॉटेलात व्हीगन नाचोज मागवले. व्हीगन म्हणजे मांस-अंडी नाहीच, शिवाय दूध, तूप आणि मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये निघाला. त्याच सुमारास मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास गावात नाचोज जन्मले. सीमेपलीकडून काही अमेरिकन बायका अवेळी जेवायला आल्या आणि आचारी सापडेना. मग इग्नासिओ अनाया यानेच तळलेल्या टॉर्टियाच्या तुकड्यांवर चीज आणि मिरच्या घालून बशी पुढे केली. इग्नासिओचं लाडकं नाव ‘नाचो’!

चिप्स तसे मुळातच बिनदुधाचे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात (हो, पानाला लावतो तोच चुना!). त्याने साल सुटतं, पीठ नीट मळता येतं आणि तो खास वास येतो. प्रश्न फक्त चीजचा. चीजला तार सुटते ती दुधातल्या केसीन या प्रोटीनमुळे. तेवढी काजूला जमत नाही. पण भिजवलेले काजू बारीक वाटून गरम केले की त्यातल्या स्टार्चमुळे सॉस मस्त दाटतो. काजूचा स्निग्धपणा, लिंबाचा आंबटपणा आणि सुकवलेल्या यीस्टची खमंग चव मिळून चीजची आठवण येऊ देत नाहीत. वर राजमा, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. अहाहा!

सगळ्यांचे हात एकाच बशीत होते. शेवटचा चिप कोणी खाल्ला? बर्थडे बॉयने, तोही माझ्या हातातून हिसकावून! ‘भूक नाही’ हे वाक्य त्या दिवशी ऐकूच आलं नाही.

असो. रोज काजू कुठून आणणार? पण मटकीची उसळ, तर्री, फरसाण, कांदा, लिंबू... दही बाजूला ठेवलं की आपली मिसळ व्हीगनच की! मेस कमिटी, एखाद्या फीस्टला जमवता का?