काजव्यांच्या फोटोतली तेरा मिनिटं

मे संपत आला, वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेले, की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काजव्यांचे फोटो फिरू लागतात. झाडाखाली सोन्याचा सडा पडावा तसा उजेड! मग बेळगावहून चोर्ला, आंबोलीकडे गाड्या निघतात आणि तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो, "फोटोत होते तेवढे काजवे कुठे आहेत?"

याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे. दरवर्षी पाऊस धरण्याआधी मी आंबोलीच्या बाजूला काजव्यांचे फोटो काढायला जातो. पेशाने सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी हिशेब सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६०० च्या आसपास, शटर २० सेकंद उघडं. अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. तो उजेड असतानाच समोरच्या झाडावर जुळवून मॅन्युअलवर ठेवायचा. असे लागोपाठ ४० फोटो घ्यायचे आणि घरी संगणकावर एकावर एक चढवायचे. ४० गुणिले २० म्हणजे ८०० सेकंद, तेरा मिनिटांहून थोडं जास्त. तेवढ्या वेळातली सगळी लुकलुक एका चौकटीत येते. एकच काजवा त्यात दहा ठिकाणी असू शकतो. यात फसवणूक नाही, पण फोटोखाली तसं लिहायला हवं. मी लिहितो.

कारण हे माहीत नसलेला माणूस हिरमुसतो आणि काजवे शोधायला टॉर्च पेटवतो. खरं नुकसान तिथे होतं. काजवा हा भुंग्यांच्या जातकुळीतला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णता नसलेला उजेड पडतो. तो उजेड म्हणजे जोडीदाराला धाडलेला निरोप. नर उडता उडता ठरावीक तालात लुकलुकतो, गवतात किंवा पानावर बसलेली मादी उत्तर देते. जातीजातीचा ताल वेगळा. टॉर्चचा, गाडीच्या दिव्यांचा झोत मध्ये आला की ते उत्तर दिसतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल नॉइजमध्ये बुडतो. अळी असताना पालापाचोळ्यात गोगलगायी खात कित्येक महिने काढलेल्या या जिवाला पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे मिळतात. त्यातली एक रात्र आपल्या टॉर्चपायी वाया जायला नको.

मुलांना घेऊन जाणार असाल तर एवढं पाळा. वनखात्याची परवानगी असेल तिथेच, गावातला माहीतगार माणूस सोबत घेऊन जा. पायात बूट हवेत. चालताना टॉर्चवर लाल जिलेटीन लावा आणि झोत जमिनीकडे ठेवा. थांबलात की तोही बंद. फ्लॅश तर नकोच. त्याने समोरचं गवत उजळतं आणि काजव्याचा उजेड हरवतो. कॅमेऱ्याचा मागचा पडदा झाका. गवतात शिरू नका, कित्येक जातींच्या माद्यांना उडता येत नाही, त्या पायाखाली जातात.

मग वीस-पंचवीस मिनिटं नुसते बसा. डोळे अंधाराला सरावले की आधी न दिसलेले काजवे दिसू लागतात. मुलांना एखाद्या झुडपावरचे मोजायला सांगा. फोटोतल्यापेक्षा कमीच भरतील, पण गवतातून मिळणारं उत्तर मुलांनाच आधी दिसेल.