जुने नाणे घासू नका, आधी पारखा

जुन्या पेटीत किंवा मोडीच्या मालात चांदीचे रुपये निघाले की ते चिंच-राखेने घासून लख्ख करायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. चांदी गाळायचीच असेल तर त्यात नुकसान नाही. पण नाणे संग्राहकाला विकायचे असेल, तर या घासण्यानेच त्याची किंमत उतरते. गेलेली झीज आणि मूळ झळाळी कोणत्याही उपायाने परत येत नाही.

व्हिक्टोरिया राणीचा रुपया घ्या. वजन जुना एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदी शेकडा ९१.७. ही झाली धातूची किंमत. त्यावरचा भाव ठरतो तो दुर्मिळता आणि अवस्था यांवर.

अवस्थेच्या पायऱ्यांना बाजारात इंग्रजी नावेच चालतात. 'गुड' या नावाने फसू नये. यात फक्त बाह्यरेषा व अक्षरे ओळखू येतात. 'फाइन'मध्ये मुख्य चित्र स्पष्ट, पण उंच भाग सपाट झालेला. 'व्हेरी फाइन'मध्ये बारीक नक्षी बरीच शिल्लक. 'एक्स्ट्रीमली फाइन'मध्ये केवळ उंच टोकांवर किंचित झीज. 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. अमेरिकेत शेल्डन यांनी १९४९ साली मांडलेली १ ते ७० गुणांची पद्धतही आता सर्वत्र वापरतात.

पारखताना नाणे कडेने धरावे, उजेडात तिरपे फिरवावे. टाकसाळीची झळाळी नाण्याबरोबर फिरते. पॉलिशची चमक एकसारखी राहते व भिंगातून बारीक ओरखडे दिसतात. राणीच्या रुपयावर केस व मुकुट आधी पाहावेत, कारण उंच भाग प्रथम झिजतो.

मोगल रुपयाची गोष्ट वेगळी. तो हाताने ठोकलेला असून ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा असे. म्हणून कडेला तुटलेली अक्षरे ही झीज नव्हे. टाकसाळीचे नाव व सन वाचता आले तर मोल वाढते. उलट सराफाने पारखताना मारलेली खूण, दागिन्यासाठी जोडलेली कडी, डाख किंवा भोक यांनी ते घटते.

एक खबरदारी घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती व्यापारासाठी परदेशी पाठवता येत नाहीत.

तेव्हा कारागीर बंधूंनी भट्टी पेटवण्यापूर्वी प्रत्येक नाणे एकदा भिंगाखाली धरावे. गाळलेले नाणे पुन्हा नाणे होत नाही.