पाचांतले चार पिक्सेल

नावडे वसाहतीत मान वर करून पाहिलं की ग्रिलला, गच्चीच्या कठड्याला डिशच्या छत्र्या दिसतात. दुकानात आता एचडी नाहीतर फोर-के टीव्हीच मिळतो, पण छत्रीतून खाली येणाऱ्या कितीतरी वाहिन्या अजून एसडीच आहेत. स्टार प्रवाह आणि झी मराठीच्या एचडी वाहिन्या आल्या त्या २०१६ साली. त्याआधीचं मराठी टीव्हीचं बहुतेक सगळं भांडार जुन्या मापाचं आहे. ते नव्या पडद्यावर धड दिसतं की नाही, हे टीव्हीतल्या ‘स्केलर’ नावाच्या यंत्रणेवर ठरतं. पाहुण्यांना टीव्ही दाखवताना तिचं नाव कुणी घेत नाही, पण संध्याकाळभर राबते तीच.

हिशेब सोपा आहे. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६००. बरोबर पाचपट. पडदा भरायचा तर पाचांतल्या एकाच पिक्सेलची माहिती बाहेरून आलेली असते, उरलेले चार टीव्ही स्वतः ठरवतो. फोर-केवर विसांतले एकोणीस.

ठरवण्याआधी आणखी एक गुंता सोडवावा लागतो. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून आपलं प्रक्षेपण ६२५ ओळींचं. त्यातल्या ५७६ ओळींत चित्र. या ओळी एकदम येत नसत. आधी एकाआड एक २८८, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या २८८. काचेच्या जुन्या नळीला हे मानवायचं. आजचा सपाट पडदा मात्र सगळं चित्र एकदमच दाखवतो.

समजा, कुणी जुन्या कॅमेऱ्याने नावडे रोड स्टेशनातून ताशी ६० किलोमीटरने जाणारी मालगाडी टिपली आहे. दोन अर्ध्या चित्रांमधल्या वेळात गाडी सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे सरकते. दोन्ही अर्धी जशीच्या तशी गुंफली तर वाघिणीच्या कडेला कंगव्यासारखे दाते येतात. एकच अर्ध घेऊन ताणलं तर दाते जातात, पण फलाटावरच्या पाटीची अक्षरं थरथरू लागतात. चांगला स्केलर चित्राचे भाग वेगळे करतो: पाटी स्थिर आहे, तिथे दोन्ही अर्धी जोडायची, वाघीण हलते आहे, तिथे एका अर्ध्यावरून मधल्या ओळी काढायच्या. हा निवाडा त्याला सेकंदाला पन्नास वेळा, चित्राच्या कोपऱ्याकोपऱ्यात करावा लागतो. टीव्हीचा खरा कस इथेच लागतो असं मला वाटतं.

त्यानंतर मोठं करणं. शेजारच्या पिक्सेलांवरून मधला रंग काढतात. नव्या टीव्हींत शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क कडा ओळखून भर घालतं. अडचण येते ती दाबून पाठवलेल्या चित्राची. डीडी फ्री डिशवरच्या अनेक वाहिन्या एमपेग-२ पद्धतीने येतात, आणि त्यात चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडलेले असतात. एचडी पडद्यावर तोच चौकोन पंधरा ओळी उंच होतो, आणि शार्पनेस वाढवलेला असेल तर यंत्र त्या चौकोनाच्याच कडा उठवून दाखवतं. जरीच्या काठाभोवती पांढरी झालर दिसते तीही शार्पनेसचीच करणी. एसडी वाहिनी पाहताना तो निम्म्याखाली आणावा.

आकाराबाबत मी आग्रही आहे. जुनं चित्र ४:३चं. एचडीवर त्याची जागा १४४० पिक्सेल रुंद, दोन्ही बाजूंना २४०-२४०ची काळी पट्टी. पट्टी नको म्हणून घरोघरी चित्र ताणलं जातं आणि ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ मालिकेतले प्रभावळकरही गुबगुबीत होतात. नटाच्या चेहऱ्याची अशी ओढाताण करू नये. रिमोटवर ४:३ निवडायला दोन बटणं लागतात.

बसायचं अंतरही पाहावं. ४३ इंची टीव्हीवर एसडीच्या ओळी डोळ्याला वेगळ्या दिसेनाशा होतात त्या साधारण सव्वातीन मीटरवर. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा समोरच्या भिंतीला टेकवला तर हे अंतर जेमतेम मिळतं.

लग्नाच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेटी फाइलीत उतरवून घेणाऱ्यांनी मात्र जास्त जपावं. दुकानदार ‘एचडी करून देतो’ म्हणाला तरी आधी ७२० बाय ५७६ची, ओळी न मिसळलेली मूळ प्रत मागून घ्यावी. दोन अर्धी चुकीची गुंफून फाइल बनली की ते दाते चित्रातच मुरतात आणि पुढचा कितीही हुशार टीव्ही ते नीट काढू शकत नाही. मूळ प्रत हाताशी असेल, तर दर नव्या टीव्हीवर तेच लग्न थोडं आणखी स्वच्छ दिसू शकतं.